रंग ओले असताना या

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या बेळगावात चित्रप्रदर्शन लागलं, की उद्घाटनाला हॉल भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं चित्रकार आणि पंखा दोघेच उरतात. दारापर्यंत आलेला माणूस ‘आपल्याला चित्रातलं काय कळतंय’ म्हणून परत फिरतो.

म्हणून मला ती छोटी जागा जास्त पटते, जिथं गॅलरी आणि स्टुडिओ एकाच छपराखाली असतात. पुढच्या भिंतीवर चित्रं, मागं चित्र टेकवायचं इझल, टर्पेन्टाइनचा वास, ओल्या शाडूचा गोळा. आपल्या विणकरांच्या शहापूर-वडगाव भागाला हे नवं नाही. तिथं माग घरातच असायचा, साडी घ्यायला आलेल्याला विणकामही दिसायचं. पूर्ण झालेल्या चित्रापुढं माणूस गप्प होतो. अर्धवट चित्रापुढं मात्र बिनधास्त विचारतो, ‘हे झाड इथंच का घेतलासा?’

चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिर या कलाशाळेनं या गावाला नजर दिली. चित्रकार रवी परांजपे तिथलेच विद्यार्थी. पण शिकून झालेल्या पोरानं काम करायचं कुठं आणि लावायचं कुठं? दोन जागांचं भाडं त्याला झेपत नाही.

चित्र कधीमधी विकलं जातं, भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. विक्रीतला गॅलरीचा हिस्सा आधीच लिहून ठेवावा, मित्राशीसुद्धा. बाकी खर्च निघतो वर्गांतून: लोअर-हायर ड्रॉइंग परीक्षेची तयारी, सुट्टीत खानापूरच्या मातीची भांडी, श्रावणात शाडूचे गणपती. काहींना शिकवणी म्हणजे कमीपणा वाटतो. के. बीं.नी एवढे चित्रकार शिकवूनच घडवले, हे ते विसरतात.

खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ हात, वाळता वाळत नाही, कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी ठेवा. मागं खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये वारा खेळतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर तर चित्र लावूच नका, ती भिंत कितीही मोठी असू दे. आणि टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येऊ द्या. आपण चित्रही देवाच्या फोटोच्या रांगेत, छताजवळ नेऊन लावतो. बघणाऱ्याची मान अवघडते.

चित्राखाली नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा, शेजारी किंमतही. किंमत तोंडानं विचारायला आपली माणसं लाजतात. पोस्टकार्डाएवढी रेखाटनं दाराजवळच्या टेबलावर असू द्यात. लग्नात आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ देणारा एखादा तरी थांबून ती चाळेल. नमस्कार.