मसाल्याला वेळ, रसाला घाई

[दृश्य: डिसेंबरची पहाट. नागपूरचा कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, हमालांच्या हाका.]

निवेदन:

आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांचा, माल उतरतो आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं वरुड, मोर्शी. हा सगळा पट्टा हिवाळ्यात या बाजाराकडे तोंड करून असतो. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या घरांना त्याची ओळख कागदावरून करून द्यावी लागत नाही. थंडी पडली की जेवणानंतर अंगणात, गच्चीवर सालींचा सडा पडतो.

याच संत्र्यापासून आज घरच्या घरी एक मसालेदार कॉकटेल करायचं आहे. हॉटेलच्या बारमध्ये असं पेय मागवलं, तर बहुतेक वेळा ग्लासात डब्यातला रस येतो. नागपुरात बसून डब्यातला रस प्यावा, हे मनाला पटत नाही.

[दृश्य: विक्रेता फळ हातात तोलतो.]

"हिरवट दिसते म्हणून सोडू नका न भाऊ. आतून पिकलेलं हाय."

तो खरं बोलतो आहे. सालीला केशरी रंग चढायला गार रात्री लागतात; गोडी त्याआधीही भरलेली असते. म्हणून रंगापेक्षा वजन पाहावं. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, पण दाबल्यावर आत पोकळी लागली आणि फळ हाताला हलकं वाटलं, तर त्यातला रस सुकायला लागलेला असतो. जड फळ घ्यावं, आणि साल तजेलदार असलेलं. आपल्याला रसाइतकीच सालीचीही गरज आहे.

[दृश्य: इतवारी. मस्कासाथच्या बाजूची किराणा दुकानं, उघडी पोती.]

निवेदन:

दुसरा थांबा इतवारी. सावजी रस्सा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना इथला वास वेगळा सांगायला नको. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेल्या त्या रस्श्यात काळी मिरी, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, दगडफूल असा मोठा गोतावळा असतो. आपण त्यातले मोजकेच उचलू. चक्रीफूल एक. लवंगा दोन, तिसरी नको. दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मिरीचे सहा दाणे. हिरव्या वेलच्या तीन. दगडफूल आज बाजूला ठेवू. त्याचा वास तेलात आणि आचेवर खुलतो, थंड पेयात तो मातकट लागतो.

[दृश्य: एका घराचं स्वयंपाकघर. ताई कढई तापवते आहे. धाकटा भाऊ ओट्याला टेकून उभा.]

"ताई, रात्रीपर्यंत होईल ना?"

"आज रात्री? परवा ये. मुरायला नको का?"

निवेदन:

या पेयात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. मसाला सावकाश सुटतो, त्याला दिवस द्यावे लागतात. संत्र्याचा रस मात्र थांबवून ठेवला की बिघडतो. बिघडलेली बहुतेक संत्र्याची पेयं या दोघांना एकाच वेळापत्रकात बसवायला गेल्यामुळे बिघडलेली असतात.

आधी मसाल्याचं पाहू.

लवंगेचा झणका येतो युजेनॉल नावाच्या तेलकट द्रव्यातून. मिरीचा तिखटपणा पायपरिनचा, चक्रीफुलाचा बडीशेपेसारखा गोडसर वास अॅनेथॉलचा. ही सगळी द्रव्यं थंड पाण्यात जेमतेम विरघळतात, अल्कोहोलमध्ये मात्र सहज उतरतात. म्हणून मसाला थेट ग्लासात टाकून उपयोग नाही. तो आधी मद्यात मुरवायचा.

ताईने अडीचशे मिलिलिटर व्होडका घेतली आहे. ज्याला स्वतःची चव कमी ते मद्य इथे बरं. पांढरी रमही चालते. व्हिस्की नको, तिचा लाकडी वास संत्र्यावर बसतो. मसाले कोरड्या कढईत मंद आचेवर अर्धा मिनिट गरम केले, वास सुटला की उतरवले. आता ते पूर्ण गार होऊ द्यायचे. मद्य कधीही गॅसवर गरम करायचं नाही, गरम मसाल्यावरही ओतायचं नाही. त्याची वाफ पटकन पेट घेते.

[दृश्य: काचेची बरणी. मसाले एकेक करून आत पडतात.]

निवेदन:

पाचही मसाले एकत्र आत जातात, पण एकत्र बाहेर येत नाहीत, आणि सगळं कसब तिथेच आहे. लवंग सर्वांत जोरकस. संध्याकाळी टाकलेली लवंग दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायची, नाहीतर पेयाला दंतमंजनाचा वास येतो. दालचिनी त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी काढायची. जास्त राहिली तर तिचं तुरटपण उतरतं. चक्रीफूल, वेलची, मिरी यांना दोन दिवस मिळाले तरी चालतात. रोज एक चमचाभर घेऊन चाखायचं, मात्र तितकंच पाणी मिसळून. नुसतं चाखलं तर मद्याचा जाळ जिभेवर येतो आणि मसाला कळतच नाही.

बरणी उन्हात ठेवायची नाही. भिंतीतल्या कपाटात, झाकण घट्ट लावून.

[दृश्य: दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. ताई संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग चमच्याने खरवडते.]

निवेदन:

आता साल. परदेशी पाककृतींत जाड सालीचं संत्रं धरतात आणि त्यावर सोलाणं फिरवतात. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल. सोलाणं लावलं की ती सुरकुतते, फाटते. त्यापेक्षा संत्रं धुऊन, पुसून हाताने सोलावं, सालीचा तुकडा पाटावर उलटा पसरावा आणि चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडावा. पांढरं राहिलं तर कडू उतरतं. एका संत्र्याची अशी साफ केलेली साल शेवटच्या रात्री बरणीत जाते आणि सकाळी मसाल्यांबरोबर गाळली जाते.

खरा सुगंध आहे तो त्या सालीतच. केशरी पृष्ठभागावर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडली की त्यांतून फवारा उडतो. या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. मेणबत्तीजवळ साल पिळली तर ठिणग्या उडताना दिसतात, इतकं ते ज्वलनशील आहे. लहान मुलांना हा खेळ आवडतो, पण डोळ्यांपासून लांब ठेवून, मोठ्यांच्या हातानेच करावा.

[दृश्य: तिसरी संध्याकाळ. हातदाबाचं लिंबू पिळायचं यंत्र. संत्र्याची आडवी फोड.]

निवेदन:

आता घाईचं काम. पाहुणे दारात आल्यावरच रस काढायचा.

नागपुरी संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि काही तासांत कडवट होतो. रस उष्टा झाला, भांडं नीट धुतलेलं नव्हतं, असं काहीबाही घरोघरी ऐकू येतं. कारण फळातच आहे. बियांमध्ये आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यांमध्ये एक द्रव्य असतं, त्याला स्वतःची कडू चव नसते. ते रसातल्या आंबटात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन (सालीतल्या लिमोनीनहून वेगळं द्रव्य) होतं, आणि हे लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कडू लागतं. रस उकळला तर हीच क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून मिक्सर नको, तो बिया फोडतो. यंत्रही हलक्या हाताने दाबायचं. शेवटच्या थेंबासाठी पडदे पिळत बसलो, तर तो थेंब साऱ्या रसाची चव घालवतो. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बियांचं प्रमाण नगण्य असलेला नागपुरी संत्र्याचा वाण काढला आहे. खाणाऱ्यांना त्यात सोय दिसते, रस काढणाऱ्यांना त्याहून बरंच काही.

[दृश्य: मोजमापाचा छोटा ग्लास. ताई मोजून ओतते.]

"अंदाजाने टाक न, ताई."

"भाजीत टाकते अंदाजाने. यात नाही."

निवेदन:

एका ग्लासासाठी 45 मिलिलिटर मसाल्याचं मद्य, 60 मिलिलिटर संत्र्याचा ताजा रस, 15 मिलिलिटर लिंबाचा रस, 10 मिलिलिटर साखरेचा पाक. आणि चिमूटभर मीठ, कारण मीठ कडवटपणा झाकतं.

लिंबाशिवाय हे पेय उभं राहत नाही. नागपुरी संत्र्यात आम्लाचं प्रमाण जेमतेम अर्धा ते एक टक्का. लिंबात ते त्याच्या कितीतरी पट. नुसत्या संत्र्यावर भरवसा ठेवला तर पेय गोडमिट्ट आणि सपक होतं. तसंही संत्र्याला आंबटाचा आधार जन्मापासूनच आहे: विदर्भातल्या बागांमध्ये संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात, तो जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, खुंटावर.

शेकर नसला तर घट्ट झाकणाची मोठी बरणी पुरते. सगळं आत, वर भरपूर बर्फ, आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं. हात गारठले की झालं. बर्फ थोडा वितळतो, आणि ते पाणी या पेयाला हवंच असतं. मग चहाच्या गाळणीतून गार ग्लासात. सोडा आवडत असेल तर तो गाळल्यानंतर वरून. बरणीत टाकून हलवला तर झाकण उडतं.

ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून सैंधव मीठ आणि भिवापुरी मिरचीचं तिखट लावायचं, पण अर्ध्याच कडेला. ज्याला झणका हवा त्याने त्या बाजूने प्यावं, इतरांना दुसरी बाजू मोकळी.

[दृश्य: गच्ची. चार ग्लास, त्यांतला एक वेगळ्या रंगाचा.]

निवेदन:

चौथा ग्लास आईचा. त्यात मद्य नाही. एक वाटी पाण्यात एक वाटी खडीसाखर आणि तेच मसाले दहा मिनिटं मंद उकळले, झाकून गार केले, गाळले. हा पाक 25 मिलिलिटर, संत्र्याचा रस, लिंबू आणि सोडा. पाण्यात मसाला कमी उतरतो, म्हणून इथे मिरी दुप्पट घेतली आहे. गूळ वापरायचा मोह होतो, पण त्याची स्वतःची चव एवढी मोठी की संत्रं मागे पडतं. ज्यांना मद्य नको त्यांच्या हातात फक्त गार पाणी देणं हे काही यजमानपण नव्हे, म्हणून या पाकावर ताईने तेवढीच मेहनत घेतली आहे.

आता दोन गोष्टी स्पष्टपणे. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. बाटली परवानाधारक दुकानातलीच हवी. घरी मसाला मुरवणं वेगळं. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळही. दुसरं, हे पेय गोड लागतं, पण आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या व्होडकाचे 45 मिलिलिटर म्हणजे 19 मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. रस ते लपवतो, कमी करत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने आईच्या बरणीतलं घ्यावं.

"सेवाग्रामच्या मित्राला एक बाटली नेऊ का गं?"

"वर्ध्याला? दारूबंदी आहे तिथे. पाकाची ने."

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. पाकाची बाटली मात्र कुठेही नेता येते, आणि फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकते. मसाल्याचं मद्य गाळल्यावर त्याहून बरंच जास्त.

[दृश्य: मृग बहाराची बाग. हिरव्या पानांत केशरी फळं.]

निवेदन:

आंबियाचं फळ किंचित आंबट असतं, आणि वरची सगळी मापं त्यासाठीच आहेत. मे महिन्यात झाडांना पाण्याचा ताण देऊन, पावसाबरोबर जो मृग बहार फुलवतात, त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. ते जास्त गोड. तेव्हा लिंबू 15 वरून 20 मिलिलिटरवर न्या आणि पाक निम्मा करा. मसाल्याची बरणी तीच चालेल.