आत्याचा काढा आणि बीपी

नमस्कार मंडळी. आज बीपीवरच्या झाडपाल्याच्या औषधांबद्दल बोलूया, पण आधी माझ्या गोव्यातल्या डिचोलीच्या आत्याचं सांगतो.

आत्याला बीपीची गोळी कितीतरी वर्षं चालू, एक दिवस चुकवणार नाही. गेल्या पावसाळ्यात घसा धरला म्हणून शेजारणीने काढा सांगितला, तुळस, आलं, मिरी, ज्येष्ठमध. ज्येष्ठमध गोड लागतं ना, मग आत्याने ते हात सैल सोडून घातलं, घसा बरा झाला तरी सकाळ-संध्याकाळ पेलाभर काढा चालूच, दोन महिने. आणि बीपी चढायला लागलं. १५०, मग १७०, गोळी वाढवली तरी १८०. पाय सुजले, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढवेना. आम्हाला वाटलं ही खारे बांगडे लपवून खाते, मी तर तिला ओरडलोसुद्धा, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली गेलेलं. त्यांनी विचारलं, "माय, घरांत आनीक कितें पियेतात?" काढा बंद केला, तीन-चार आठवड्यांत बीपी जागेवर, वाढवलेली गोळीपण कमी झाली.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. परत सांगतो, रोज जास्त ज्येष्ठमध घेतलं तर बीपी वाढतं.

आणि उतरवणारं झाड म्हणजे सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली त्याच्या मुळाचा बीपीवरचा अनुभव छापला, १९५२ मध्ये मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, जगभर गोळ्या निघाल्या. पण त्यासोबत नाक चोंदणं, नाडी मंदावणं, मन खचणं हेही आलं. म्हणून "नैसर्गिक आहे, काय होत नाय" हे मला अजिबात पटत नाही. शिवाय या मुळांसाठी लोकांनी झाडं उपटून रानं रिकामी केली. चतुर्थीला गणपतीवर रानातली फळं-पानं टांगतात त्या माटोळीलासुद्धा हल्ली फांदीसकट ओरबाडून आणतात, आमचे आजोबा लागेल तेवढंच तोडायचे.

लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा, लसणाचा अर्क, यांनी बीपी उतरतं, पण थोडंच. गोळीच्या जागी ते नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. परत सांगतो, घरात जे जे पिता ते डॉक्टरला सांगा. आत्या आता दवाखान्यात जाताना प्रत्येक पुडी फायलीतच घालून नेते.