आजारी न पडलेल्यांची नोंद

(दृश्य : वहीच्या पानावर रेघा आखणारा हात)

नाव, वय, घर, पहिला जुलाब कधी झाला, पाणी कुठलं. नर्सच्या वहीतले पाच रकाने. साथरोगशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. सुरुवात मात्र बहुतेकदा अशा हाताने आखलेल्या पानावर होते.

वस्तीत जुलाबाची साथ आहे. आजारी पडलेले बहुतेक जण एकाच विहिरीचं पाणी पितात. मग विहिरीवर बोट ठेवायचं? इतक्यात नाही. सगळी वस्तीच तिथे पाणी भरत असेल, तर यातून काहीच कळत नाही. म्हणून नर्स धडधाकट माणसांच्या घरीही जाते. ‘‘आमच्याकडे कुणी आजारी नाही हो, ताई,’’ दारातूनच उत्तर येतं. तिला नेमकं तेच लिहून घ्यायचं असतं.

समजा, विहिरीचं पाणी पिणाऱ्या 40 जणांपैकी 30 आजारी पडले आणि न पिणाऱ्या 60 जणांपैकी 6. शेकडा 75 आणि शेकडा 10. आता बोलता येतं.

(दृश्य : लंडनचा जुना नकाशा)

लंडन, 1854. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती कॉलऱ्याने शेकडो माणसं दगावली. कुठल्या घरात किती जण दगावले, हे दाखवणारा डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. पण शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले, हेही त्यांनी जाऊन विचारलं होतं. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते! साथ पंपाच्या पाण्यातूनच पसरली, हे स्नोंचं म्हणणं पाद्री हेन्री व्हाइटहेड यांना आधी पटलं नव्हतं. तेही घरोघर फिरले. शेवटी धागा सापडला जुलाब झालेल्या एका तान्ह्या बाळापाशी. आईने त्याची बाळोती धुतलेलं पाणी मैल्याच्या खड्ड्यात ओतलं होतं, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीला जवळजवळ खेटून होता. असली गोष्ट तपासणीच्या अहवालात येत नाही. निवांत बसून विचारलं, तरच आई सांगते.

त्याच वर्षी, क्रिमियाच्या युद्धात, परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले, हे त्यांनी 1858 मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवलं. त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला, आकृत्या फारशा कुणाच्या नाहीत.

(दृश्य : झाकलेली विहीर)

विहीर बंद झाली, तरी दुसऱ्या दिवशी नवे रुग्ण येतात. लोक चिडतात, मग बंद कशाला केली? कॉलरा असेल, तर जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच दिवसही लागू शकतात, हे नर्स समजावून सांगते, जलसंजीवनीची पाकिटं देते आणि रोज नवी ओळ लिहिते. आठव्या दिवशीही नवा रुग्ण निघाला, तर लागण घरातल्या घरात होतेय किंवा दूषित पाणी आणखी कुठून तरी येतंय. म्हणजे वही घेऊन पुन्हा पहिल्या दारापासून.