प्रतिभेला की प्रतिभाला?

स्क्रीनवर दोन वाक्यं आहेत बघा. "प्रतिभेला मेहनतीची जोड हवी" आणि "प्रतिभाला फोन लाव". शब्द एकच, मग पहिल्यात भा चा भे झाला आणि दुसऱ्यात का नाही झाला? कारण दुसरी प्रतिभा ही मुलगी आहे, आणि हल्ली आपण माणसांच्या नावांना धक्का लावत नाही, सीमाला म्हणतो, शोभाला म्हणतो. जुन्या मराठीत मात्र सीतेला, राधेला सर्रास सापडेल.

नाम म्हणून शब्द स्त्रीलिंगी. प्रत्यय लागला की प्रतिभेने, प्रतिभेचा, प्रतिभेत. अनेकवचन शाळा-शाळा सारखं, म्हणजे प्रतिभाच राहतं, आणि एकापेक्षा जास्त आहेत हे थेट प्रतिभांना, प्रतिभांचा म्हटल्यावरच शब्दावरून कळतं. तसं अनेकवचन लागतं कुणाला म्हणा, "नव्या प्रतिभांना संधी" असं बॅनरवर असतं तेवढंच, आणि तिथेही म्हणायचं असतं माणसांबद्दल!

आता अर्थ. संस्कृतात भा म्हणजे चमकणं, त्यातूनच प्रभा, आभा, भास्कर. आणि "प्रतिभाति मे" म्हणजे मला वाटतं, मला सुचतं. मराठीत पण बघा ना, आपण "मी सुचतो" म्हणत नाही, "मला सुचतं" म्हणतो, म्हणजे करणारे आपण नाहीच, ते कुठूनतरी लख्खकन येतं आणि आपण फक्त समोर असतो. मला तर हा शब्द त्यासाठीच आवडतो. टॅलेंट हा शब्द मुळात ग्रीकांचं वजन, चांदी तोलायचं माप, म्हणजे तिकडे तराजू आणि इकडे उजेड.

संस्कृत काव्यशास्त्रातला मोठा विचारवंत अभिनवगुप्त, त्याचे गुरू भट्ट तौत यांची व्याख्या फेमस आहे, "प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता", सारखं नवं नवं उमलत राहणारी बुद्धी ती प्रतिभा. म्हणजे घोकून पहिला नंबर काढला तर ती हुशारी झाली, प्रतिभा नाही.

पण खरी मजा राजशेखर या संस्कृत कवीने केलीय. काव्यमीमांसा या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो, कारयित्री आणि भावयित्री. कारयित्री कवीची, रचणारी. भावयित्री ऐकणाऱ्याची! म्हणजे गझलेचा शेर पुरा व्हायच्या आत मागच्या रांगेत ज्याच्या तोंडून "वा" निघतं ना, आयुष्यात एक ओळ न लिहिलेला तो माणूस, त्याच्याकडेपण प्रतिभा आहे.