आत्तीचा मनासारखा दिवस आणि भरली वांगी

नमस्कार श्रोतेहो. कुणी भाकरीचं पीठ घेऊन बसलं असेल, कुणी पोरांचे डबे भरत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे माझ्याकडे द्या.

आज एक प्रश्न विचारते. एक अख्खा दिवस तुमच्या मनासारखा मिळाला, तर तो कसा जाईल? असं विचारलं की आपण म्हणतो, कुठंतरी फिरून येईन, निवांत बसेन. यातून काही हाती लागत नाही. दिवस सांगायचा तो घड्याळ लावून. किती वाजता उठणार, पायात काय घालणार, दुपारी काय रांधणार, ताटावर शेजारी कोण बसणार. परत सांगते, घड्याळ लावून. मला हे माझ्या आत्तीनं शिकवलं. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय 78. ऐन श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. पण आत्ती काही उठेना. जन्मभर दहा माणसांचं रांधून वाढलेली बाई, अर्धी भाकरी खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. वॉकर कोपऱ्यात उभा होता, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला असायचा. आम्ही समजावलं, रागावलो, देवाची शपथ घातली. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. सहज विचारलं, "आत्ती, एक दिवस तुझ्या मनासारखा मिळाला तर काय करशील गं?" बराच वेळ ती गप्प. मग भिंतीकडंच बघत म्हणाली, "पाचला उठतो."

आपल्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेत आमच्या वेळी यावर पट्टी बसायची. मला मनापासून वाटतं, पोरींनी याची लाज धरू नये. ती आपल्या आयांची बोली आहे. असो.

"पाचला उठतो," आत्ती म्हणाली. "अंबाबाईच्या देवळाच्या घाटी दरवाज्याची घंटा ऐकतो. च्या पितो, बिनदुधाचा, गूळ घालून. मग रिक्षानं कपिलतीर्थाला जातो. वांगी घेतो, माझ्या हातानं निवडून. घरी येऊन भरतो. तू भाकरी थाप. सगळी जेवल्यावर मी जेवतो. मग रंकाळ्याला जातो, तळ्यातला संध्यामठ दिसंल असं बसतो."

मी म्हटलं, "मग उद्याच करू की!" तर म्हणाली, "उद्या कसं? चातुर्मास हाय. चंपाषष्ठी झाल्याबिगर वांगं न्हाई." आत्ती चातुर्मास कडक पाळते. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. म्हणजे मार्गशीर्षापर्यंत थांबायचं होतं. मी कॅलेंडरवर चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवसाभोवती लाल पेनानं गोल केला आणि ते तिच्या समोरच्या खिळ्याला टांगलं.

दोन दिवसांनी गेले, तर वॉकरवरचा टॉवेल दोरीवर गेला होता.

ती मोजायला लागली होती. कॉटपासून दारापर्यंत अकरा पावलं. दारातून सोप्यापर्यंत नऊ. मग तीन पायऱ्या, मग गल्ली, मग रिक्षा. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिला आत्तीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मला बाकीचं सांगू नगंस. तीन पायऱ्या उतरायला शिकव." दिवाळीत एक पायरी जमली. दिवाळीनंतर तिन्ही. चांगलं चालायला लाग असं आम्ही महिनाभर सांगत होतो, त्यानं ती हलली नाही. वांगी निवडायला जायचं होतं म्हणून ती चालली.

तो दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी मी शहाणपणा केला होता. बाजारातल्या गर्दीत तिला धक्का लागेल म्हणून अर्धा किलो वांगी आधीच आणून ठेवली होती, मोठी, जांभळी, चकचकीत. आत्तीनं एक हातात घेतलं, वजन बघितलं आणि खाली ठेवलं. "ही भरताची. चल."

कपिलतीर्थाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आत जाणं शक्य नव्हतं. मी भाजीवाल्या मावशींना सांगितलं, तर त्या बुट्टीच उचलून रिक्षापाशी घेऊन आल्या. आत्ती त्यांचं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशी म्हणाल्या, "लई दिस झालं की वं." आत्तीनं उत्तर दिलं नाही, बुट्टीत हात घातला.

मी तिचे हात बघत होते. चार महिने चादरीवर पडून राहिलेले हात. वांगं घ्यायची, देठ बघायची. हिरवा, आणि काटा बोटाला टोचला पाहिजे. मग तळहातावर तोलायची. आकाराच्या मानानं जड लागलं की परत, त्यात बिया भरलेल्या. मग अंगठ्यानं हलकं दाबायची. खळगा लगेच भरून आला तर ठेवायचं. हिरवट पांढऱ्या रेषांची, लिंबापेक्षा थोडी मोठी, अशी बारा वांगी तिनं काढली. नृसिंहवाडीकडच्या नदीकाठची आहेत, मावशी म्हणाल्या. आत्ती म्हणाली, "दिसतंय की."

घरी ओट्याला खुर्ची लावून दिली. देठ ठेवून चार चिरा, आणि लगेच मिठाच्या पाण्यात. मसाला तिनं पाट्यावरच वाटून घेतला माझ्याकडून. माझे दंड भरून आले, पण मिक्सरमध्ये शेंगदाण्याला तेल सुटून मसाल्याचा गोळा होतो आणि पाट्यावर तो रवाळ राहतो, हे तेव्हा जिभेला कळलं. एकेक वांगं ती अंगठ्यानं उघडायची, मसाला दाबायची आणि मिटायची. जेवायला सातजण होतो. आधी सगळ्यांना वाढायला लावलं. मग स्वतःच्या ताटात एक वांगं घेतलं, देठ धरून चोखलं, डोळे मिटले. दोन भाकरी खाल्ल्या. दोन.

रंकाळा त्या दिवशी राहिला. जेवून ती झोपली ती दिवेलागणीलाच उठली. मी चुकचुकले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला गोल कर." आणि कॅलेंडरकडं बोट केलं.

श्रोतेहो, वेळ थोडा राहिला आहे, कृती पटकन सांगते. तुम्हाला येतेच, पण कुणी नवीन संसार मांडला असेल त्यांच्यासाठी. बारा वांग्यांना वाटीभर भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तीळ, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, एक कांदा तव्यावर भाजून, सात-आठ लसूण पाकळ्या, आलं, मूठभर कोथिंबीर, मीठ आणि आपली चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची घरात असते ती. रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला संकेश्वरी. ती उन्हाळ्यात डंकावर रांगेत बसून कुटून आणावी, असं माझं ठाम मत आहे. त्या रांगेत गल्लीतल्या बायका वर्षातून एकदा दोन तास एकत्र बसतात, शिंकतात, सुखदुःख बोलतात. पाकीट आणलं की ते बसणं संपलं.

शेंगतेलात मोहरी, जिरं, हिंग. वांगी तेलात सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेला मसाला टाकायचा, आणि पाणी गरमच घालायचं. गरमच. गार पाण्यानं शिजणं थांबतं आणि वांगं दडस राहतं. वर ताटली, ताटलीत पाणी, मंद आच, वीस मिनिटं. टोमॅटो घालू नका. त्या आंबटपणात तिळाची चव हरवते.

या ताटात दूध नाही, तूप नाही, दही नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारं आणि तांबड्या-पांढऱ्यावर जीव टाकणारं आपलं गाव, पण शेतातनं आलेलं तेवढंच असलेलं हे जेवण आपल्याकडं शेकडो घरांत रोज शिजतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि खाली जोंधळ्याची भाकरी आहे. हल्ली मुलं घरी येऊन विचारतात, दुधातुपाशिवाय काय खायचं? त्यांना हे वाढा.

आणि आज घरात जे कुणी पडून असेल, गप्प असेल, त्याच्या उशाशी बसून विचारा, एक दिवस मिळाला तर काय करशील? ते म्हणतील, काही नाही. तुम्ही विचारा, किती वाजता उठशील? आणि मग थांबा, मधे बोलू नका. आमची आत्ती बराच वेळ गप्प होती.

आत्ती आता हे ऐकत असेल, रेडिओ तिच्या उशाशीच असतो. आत्ती, रविवारी चारला रिक्षा सांगितली आहे. संध्यामठ दिसेल असं बसू. नमस्कार.