बुरशीच्या ताटात काय वाढावे?

श्रोतेहो, नमस्कार.

धिंगरी अळिंबीची लागवड आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. निर्जंतुक केलेले गव्हाचे किंवा सोयाबीनचे काड पिशवीत थराथराने भरायचे, त्यात स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, पेरायचे आणि पिशवी अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत ती पांढरीशुभ्र होते आणि मग पिशवी कापून काढली तरी आतले काड विखरत नाही. त्याचा एकसंध, घट्ट ठोकळा झालेला असतो. अळिंबी उत्पादकाचे लक्ष त्यातून फुटणाऱ्या छत्र्यांकडे असते. मला आज बोलायचे आहे ते त्या ठोकळ्याविषयी, कारण सामानाच्या वेष्टनात थर्मोकोलची जागा घेऊ शकणारा पदार्थ नेमका याच रीतीने तयार होतो.

काड बांधून ठेवते ते बुरशीचे तंतुजाल. त्यातला एकेक तंतू मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढाच जाड असतो आणि तो टोकाशी वाढत जातो. बुरशीला तोंड नाही, पोट नाही; ती आपली विकरे, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम, शरीराबाहेर सोडते, काडातले सेल्युलोज तिथल्या तिथे फोडते आणि सुटलेली साखर शोषून घेते. जिथे अन्न मुबलक, तिथे तंतूंना फांद्यांवर फांद्या फुटून जाळे दाट होते; जिथे ते तुटपुंजे, तिथे तंतू विरळ राहून पुढच्या अन्नाच्या शोधात लांबवर पसरतात. म्हणूनच अन्न कोठे आणि किती ठेवायचे, यावरून जाळ्याची वीण बऱ्याच अंशी ठरवता येते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अन्न कोणते द्यायचे. इटलीतील जिनोव्हा येथील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयाचा गाभा वाटतो. त्यांनी धिंगरी आणि गॅनोडर्मा या दोन बुरशी घेतल्या, काहींना निव्वळ सेल्युलोज दिले आणि काहींना सेल्युलोजसोबत बटाट्याचा अर्क व साखर असलेला पोषक द्रव दिला. पचायला जड अशा नुसत्या सेल्युलोजवर वाढलेल्या तंतुजालाचे पापुद्रे अधिक ताठ निघाले, कारण त्यांत कायटिनचे प्रमाण जास्त होते. हे तेच कायटिन, जे खेकड्याच्या कवचातही असते. सहज पचणारी साखर मिळालेल्या बुरशीत स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने वाढली, आणि तिचे पापुद्रे मऊ व अधिक ताणले जाणारे झाले. बुरशी तीच, पण ताटातले पदार्थ बदलताच वस्तूचा स्वभाव बदलला, आणि त्यासाठी कोणतेही रसायन नंतर मिसळावे लागले नाही. मला यात फार मोठी शक्यता दिसते.

मात्र पोषण वाढवत नेले की काम भागते, असे नाही. वाढ जोमदार व्हावी म्हणून काडात कोंडा मिसळतात. तो प्रमाणाबाहेर गेला की त्यातल्या नत्रावर हिरवी बुरशी माजते आणि सगळा माल फेकून द्यावा लागतो. अळिंबी उत्पादकांना हे अनुभवाने ठाऊक आहे आणि माझ्या मते या नव्या उद्योगाने त्यांच्याकडून शिकायला हवे.

आकार देण्याचे काम साचा करतो. काड आणि बुरशी साच्यात भरली की तंतू कानाकोपरा व्यापतात, आणि शेवटी उष्णता देऊन वाढ थांबवली की वस्तू हलकी व कोरडी होते. अमेरिकेत 2007 साली सुरू झालेल्या इकोव्हेटिव्ह कंपनीने याच पद्धतीने वेष्टने बनवली. हा पदार्थ पाणी शोषतो आणि फार भार पेलत नाही, त्यामुळे तो लाकडाची किंवा सिमेंटची जागा घेईल असे मी म्हणणार नाही. तरीही 2014 साली न्यूयॉर्कमध्ये मक्याची ताटे आणि तंतुजाल यांच्या सुमारे 10,000 विटांचा एक मनोरा उभा राहिला. तो उन्हाळाभर टिकला, आणि उतरवल्यावर त्या विटांचे खत करण्यात आले.