शुक्रवारची संध्याकाळ आणि मंगळवारची दुपार

‘अमेरिकेत स्पोर्ट्स मेडिसिन करायचंय, रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं एका शाखेचं प्रशिक्षण) कोणती घेऊ?’ असं कुणी विचारलं की त्या सुरावरूनच कळतं, समोरच्याच्या डोळ्यांपुढे मैदान आहे. झगझगीत दिवे, सीमारेषेबाहेर उभा डॉक्टर, गळ्यात पास. हे चित्र खोटं नाही. शाळांच्या फुटबॉल सामन्यांना शुक्रवारी संध्याकाळी मीही कितीतरी वर्षं उभा राहिलोय. बराचसा वेळ थंडीत, हात खिशात घालून. त्याचे पैसे किती मिळाले, ते विचारू नका.

ऑपरेशन केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांचा रस्ता सरळ आहे: ऑर्थोपेडिक्सची पाच वर्षं आणि वर एक वर्षाची फेलोशिप, म्हणजे त्यापुढचं खास प्रशिक्षण. त्यांनी आता उठून गेलं तरी मला राग येणार नाही. उरलेल्यांसाठी पाच दारं उघडी आहेत. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स तीन-तीन वर्षांची, इमर्जन्सी मेडिसिन तीन किंवा चार वर्षांचं, आणि फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन चार वर्षांचं. त्यावर एक वर्षाची फेलोशिप, आणि मग स्पोर्ट्स मेडिसिनची परीक्षा. ही परीक्षा 1993 पासून होते आहे. फिजिकल मेडिसिनवाले तिच्यात नंतर सामील झाले. पास झालात की कागदावर पाचही जण सारखे.

कागदावर. आता मंगळवारच्या दुपारी क्लिनिकमध्ये या.

सतरा वर्षांची मुलगी, लांब पल्ल्याची धावपटू. तीन आठवड्यांपासून नडगी दुखतेय. हाडावरून बोट फिरवत गेलं तर एकाच जागी, नाण्याएवढ्या, ती कळवळते. एका पायावर उड्या मारायला सांगितलं तर दुसऱ्याच उडीला थांबते. एक्स-रेमध्ये काही नाही. सुरुवातीला बहुधा नसतंच. स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेचा, संशय घेऊन एमआरआय लिहायचा, पायात आधाराचा बूट चढवायचा आणि पळणं बंद करायला सांगायचं. इथवर कुणीही चुकणार नाही. पण आई बाहेर जाऊन बसली तेव्हा मी विचारलं, ‘पाळी शेवटची कधी आली?’ मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, ‘पाच महिने झाले.’ दुपारचं जेवणही ती बहुतेक टाळायची.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली याला रेड-एस असं नाव दिलं. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नाही, मग शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. मुलींनाच होतं असंही नाही, मुलांनाही होतं. म्हणजे दुखणं नडगीत आणि उपचार ताटात. नुसता बूट दिला असता तर सहा महिन्यांनी ती दुसरा पाय घेऊन आली असती.

तो प्रश्न मला फेलोशिपने शिकवला नाही. फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांत किशोरवयीन मुलींना तो इतक्यांदा विचारला होता की तो तोंडातच बसला होता. माझा इमर्जन्सीवाला मित्र कदाचित तो विसरला असता. पण उन्हात कोसळलेल्या खेळाडूला अँब्युलन्सची वाट न बघता आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, हे त्याच्या हातांना जितक्या लवकर सुचतं तितकं माझ्या हातांना सुचत नाही. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलपटू डामार हॅमलिनचं हृदय सामन्यात बंद पडलं आणि मैदानावरच सीपीआर सुरू झाला. तशा क्षणी मला तो मित्र शेजारी हवा असतो. मज्जातंतू, पाठीचे मणके, दुखापतीनंतरचं पुनर्वसन यांत फिजिकल मेडिसिनवाले आम्हा दोघांना गुंडाळून ठेवतात. वाढत्या हाडांच्या टोकांची जाण पीडियाट्रिक्सवाल्यांना अधिक, आणि पन्नाशीत मॅरेथॉन धरणाऱ्याचं हृदय इंटर्नल मेडिसिनवाल्यांना.

म्हणून मी उलटं विचारतो. कोणता पेशंट दुसऱ्याकडे पाठवताना तुम्हाला चुटपुट लागेल? तो ज्या शाखेचा, ती शाखा घ्या. कारण फेलोशिप संपल्यावरही अनेक नोकऱ्यांत मूळ शाखेचं काम असतंच, कधीकधी निम्मा आठवडा. आणि फेलोशिप नाहीच मिळाली तर पूर्ण आठवडा.

प्रोग्रॅम निवडताना मात्र भावनेत वाहू नका. शिकवणाऱ्यांत कुणी एखाद्या संघाचा डॉक्टर आहे का, हे विचारा. क्लिनिकमधलं अल्ट्रासाउंड मशीन रेसिडेंटच्या हाती देतात की कपाटात असतं, हेही विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर कपाटातच आहे असं समजा. तिथेच फेलोशिप असेल तर उत्तम. एक हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: फेलोशिपचा अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरायचा असतो. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत स्वतःला सिद्ध करायला हाती येतात दोनच वर्षं, आणि त्यातलं पहिलं झोपेच्या शोधात जातं.

मागच्या ओळीतून प्रश्न आलाय: ‘सर, मला क्लिनिकमध्ये बसायचा कंटाळा येतो, पण खेळाडूंसोबत काम करायचंय.’ प्रामाणिक प्रश्न आहे. पण बाळा, आठवड्यात शुक्रवार एकच असतो. इमर्जन्सी कर, आणि सामने तिकीट काढून बघ.